दिपोटीसाहेब खाडीत रुतले त्याची हकीकत

श्रीएकवीरा प्रसन्न. शके अठराशे त्र्याहत्तर, खरनाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य एकादशी, ते दिवशी कळव्यापलीकडील मौजे चिखलपाडा येथील एकशिक्षकी शाळेवर जो बाका प्रसंग गुदरला, त्याची वार्ता मुलुखांत नाना परींनी फिरते. कोणी म्हणतात, शाळा तपासणारे दिपोटीसाहेब गुडघ्यापर्यंत रुतले. कोणी म्हणतात, गळ्यापर्यंत. आणि शहाडाकडील मंडळी तर साहेबांची टोपीच तेवढी चिखलावर तरंगत होती ऐसे शपथेवर सांगतात, आणि त्यांतील एकही इसम ते समयी खाडीवर हजर नव्हता. सबब खरे ते एकवार कागदी यावे, थोरांची अब्रू राहावी आणि धाकट्यांचे श्रेय बुडू नये, या हेतूने लेखणी उचलिली आहे. साहेब कंबरेपर्यंत रुतले होते. आता मुळापासून ऐकावे.

वाई प्रांतीचे हरिहर गुरुजी, उमर अठ्ठावीस, अंगाने किडकिडीत, जिभेने शुद्ध, शाकाहारात कडवे, हे दोन वर्षांमागे हुजूर दप्तराचा खलिता घेऊन चिखलपाड्यास दाखल जाहले. गाव कोळ्यांचा आणि आगऱ्यांचा. एकीकडे खाडी, दुसरीकडे मिठागरे, मध्ये चाळीस घरे आणि कौलारू शाळा एक. फौज तेवीस मुलांची. शस्त्रागारात एक फळा, एक घंटा, सरकारी अंकलिपी आणि एक शेरेबुक. त्या बुकात वरिष्ठांनी येऊन आपले मत लिहावे आणि त्या मतावर शाळेने जगावे अथवा मरावे, ऐसा कायदा. गुरुजींनी पहिल्याच दिवशी फर्मान काढिले की, या किल्ल्याचे आत शुद्ध बोलावे, गावठी शब्द उंबऱ्याबाहेर चपलांपाशी ठेवून यावे. पोरांपाशी चपला नव्हत्या, म्हणोन त्यांनी तोंडेच बाहेर ठेविली.

तेथून आठ महिने मुकेपणाचा वेढा पडला. गुरुजींनी म्हणावे "ए एडक्याचा", आणि तेवीस कंठांनी म्हणावे "ए एडक्याचा", आणि मग एडका म्हणजे काय ऐसे पुसता तेवीस जोडी डोळे कौलांकडे लागावे, कारण त्या गावी एडका कोणी पाहिला नव्हता. मग "औ औताचा" जाहला, आणि मिठागरात औत घालितो कोण? मग "ऋ ऋषीचा" जाहला, आणि ऋषीही त्या वाटेने कधी आले नव्हते. गुरुजींस वाटे, पोरे मठ्ठ आहेत. पोरांस वाटे, मास्तर मनाचा चांगला आहे, परंतु बिचाऱ्याच्या मुलखात बहुत विचित्र जनावरे दिसतात. ऐसे उभयपक्षी गैरसमजाचे तोफखाने डागून बसले होते.

मग एके दिवशी शाळा सुटल्यावर गुरुजी सहज धक्क्याकडे निघाले, तो पुढे मोठा गलबला ऐकू आला, आणि पाहतात तो काय! तीच तेवीस मुले. उलथ्या होडीवर मनुबाईची धाकटी लेक शालू, उमर दहा, वर्गात पाटीआड तोंड लपविणारी, ती कमरेस पदर खोचून उभी, आणि टोपलीतील एक एक मासा उचलून त्याचे कूळ, गाव, स्वभाव, कोणत्या पाण्यात चढतो आणि कोणत्या जाळ्यास फसतो, हे सर्व घडाघडा सांगते आहे, आणि खालची फौज वाद घालिते आहे, आणि एकाचे म्हणणे दुसरा खोडून काढितो आहे. मुके यांतील कोणीच नव्हते. आठ महिने आपणच दार लावून आत बसलो आणि कोणी येत नाही म्हणोन रागावलो, हे गुरुजींस तेथे धक्क्यावर उभे राहून कळले, आणि लाज वाटली ती कोणास सांगवेना.

दुसरे दिवशी गुरुजी खासे वकिली करण्यास मनुबाईच्या दारी गेले. मनुबाई म्हणजे ठाण्याच्या मासळीबाजारात तीस वर्षे टोपली मांडलेली बाई; तिच्या शब्दापुढे गिऱ्हाईक, हवालदार आणि मांजर, तिघेही मागे सरत. गुरुजींनी अर्ज केला की, आपली बोली मजला शिकवावी.

मनुबाई म्हणाली, "मास्तर, मासा तू खात नाय, न् माशाचा नाव शिकतंस?"

"खाणार नाही, मनुबाई," गुरुजी म्हणाले, "परंतु शिकेन."

मग तह जाहला. आठवड्यास तीन नावे. गुरुजींनी नाकास उपरणे लावून धक्क्यावर हजर व्हावे, मनुबाईने मासा हाती द्यावा, आणि गुरुजींनी बोय माशास खरबा म्हटले की अवघ्या धक्क्याने हसावे आणि गुरुजींनी आपला कान आपण धरून उभे राहावे. बाईचा कायदा एकच होता आणि तो कडक होता. "धर हातान. फिरव. डोला बग, शेपटी बग, मंग नाव घे. खातरी नाय त गप ऱ्हा. बाजारान एकदा चुकीचा नाव घेतलास, त जनमभर हासतील." चार महिन्यांत गुरुजी एकूणपन्नास मासे डोळे मिटून सांगू लागले, आणि वाईस आईला पत्र लिहिताना त्यांनी ही गोष्ट खुबीने गाळिली.

मग शाळेत नवे फर्मान लागले की, आधी घरचा शब्द, मागून पुस्तकाचा. आणि मनुबाईचा कायदा तोही जारी जाहला की, नीट पाहिल्यावाचून आणि खात्री पटल्यावाचून कोणी उत्तर देऊ नये. भिंतीवर कोळशाने नवी अंकलिपी चढली: ब बोयीचा, ज जिताड्याचा, च चिंबोरीचा, न चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्याचा. आणि काय चमत्कार सांगावा! अक्षरांस कल्ले फुटले. वर्षाचे आत पोरे घरच्या शब्दावरून पुस्तकाच्या शब्दावर ऐशी उडी मारू लागली की पुस्तकच अपुरे पडले. आणि शालू तर कळवा स्टेशनावरून कोणी भजी बांधून आणिली की आधी कागद मागून घेई आणि त्यावरील अर्धीमुर्धी बातमी धक्क्यावर मोठ्याने वाचून दाखवी. एडकाही कोणास परका राहिला नाही. तो डोंगराकडला निवटा असावा, ऐसे पोरांनी आपसांत ठरविले होते.

ऐसे सुखाचे राज्य चालले असता हुजूर दप्तराचा खलिता येऊन थडकला. मजकूर येणेप्रमाणे: चिखलपाड्याची पटसंख्या तोकडी आहे, सबब शाळा राखावी अगर मोडून पलीकडे ठाण्याच्या शाळेत सामील करावी, याचा निकाल जागेवर येऊन दिपोटी उत्तमराव करतील, आणि ते शेरेबुकात लिहितील तो अखेरचा शब्द. गुरुजींनी खलिता दोनदा वाचिला. खाडीपार रोज पोरे धाडील कोण? मुलगे महिनाभर जातील आणि जाळ्यावर परततील. मुलींस एक दिवस कोणी धाडणार नाही. आणि सर्वांत आधी घरी बसेल ती शालू. गुरुजींची बदली वाईस झाली असती, तेथे आई होती, तुपाचा भात होता. परंतु त्यांना तो भात आता गोड लागणार नव्हता.

मग एकादशीचे दिवशी, सकाळी नवाचे सुमारास, भरती पुरी भरली असता, भिवा नाखव्याचे होडीतून साहेबांची स्वारी आली. अंगात कोट, डोकीस काळी टोपी, हाती कातडी बॅग, मनगटावर घड्याळ. भिवाने उतरविताना अर्ज केला की, "सायेब, अकराला पानी उतराला लागंल. त्याचे आदी निंग." साहेबांनी मनगट त्याचे नाकापुढे धरिले आणि फर्माविले की, "मला वेळ कळते." भिवाने घड्याळ नीट पाहिले, त्यात पाणी कोठे दिसेना, म्हणोन त्याने होडी बांधिली.

साहेब किल्ल्यात शिरले आणि त्यांची पहिली नजर भिंतीवर गेली आणि मर्जी खफा जाहली. सवाल केला की, सरकारने एडका दिला असता येथे चिंबोरी कोणाचे हुकुमाने चढली? गुरुजींनी हात जोडून विनंती केली की, मुले तिच्यावरूनच एडक्यापर्यंत पोहोचली आहेत, साहेबांनी हवे ते वाचावयास द्यावे. परंतु साहेब कोणाचे ऐकण्यास आले नव्हते. त्यांनी बॅगेतून गुंडाळी काढिली, फळ्यावर टांगिली. तो सरकारी चित्रतक्ता होता, आणि त्यावर रंगीत मासा एक.

साहेब म्हणाले, "मुलांनो, हे चित्र कशाचे? एका शब्दात उत्तर."

गुरुजींचा जीव भांड्यात पडला. मासा! या फौजेस मासा! परंतु फौज बोलेना. तेवीस मुले उठली आणि तक्त्यापाशी गेली आणि डोळा पाहिला आणि शेपटी पाहिली, आणि दोघांनी तक्ता उचलून माशाची दुसरी बाजू पाहावी म्हणोन मागे डोकाविले, तेथे कोरा कागद. मग तेवीस कपाळांस आठ्या पडल्या आणि फौज जागेवर येऊन बसली आणि कुजबुजली आणि गप्प जाहली. एक पळ गेले, दहा पळे गेली. साहेबांनी शालूस उभे केले. तिने तोंड उघडिले, तक्त्याकडे पाहिले, आणि मिटिले. गुरुजींची वर्षभराची मेहनत डोळ्यांदेखत बुडत होती आणि कारण कळत नव्हते.

मग साहेबांनी शेरेबुक मागविले आणि टाक बुडवून लिहिले की, "मुलांस बोलता येत नाही. साधे चित्रही ओळखिले नाही. शाळा मोडावी." गुरुजींनी ते उलट्या बाजूने वाचिले, आणि पाहुणा आहे, एकादशी आहे, उपाशी कसा धाडावा, म्हणोन मुकाट्याने रताळी उकडावयास ठेविली. रताळ्यांनी साडेबारा वाजविले. हीच पुढे फत्तेची कुमक ठरली, परंतु ते समयी कोणास ठाऊक नव्हते.

साहेब काठावर आले तो खाडी ओसरत चाललेली. मनुबाई जाळे विणीत बसली होती. ती म्हणाली, "आता जाव नको रे सायेबा. पानी गेला. सांजचे येल." खाडीकिनारी देवासही एकेरी हाक मारितात, हे साहेबांस ठाऊक नव्हते, सबब त्यांस राग आला, आणि त्यांनी कूच करण्याचा हुकूम दिला, कारण तीन वाजता कल्याणास दुसरी शाळा तपासावयाची होती. भिवाने खांदे उडविले आणि होडी लोटिली. चाळीस कदमांवर ती बसली. भिवाने बिडी पेटविली.

"ही का थांबली?" साहेबांनी पुसिले.

"बसली," भिवा म्हणाला. "आता सात वाजता उठंल."

साहेबांनी घड्याळ पाहिले, मग काठ पाहिला, चाळीसच कदम. मग धोतर आवळिले, बॅग बगलेत मारिली, आणि भिवा "उतरू नको, उतरू नको" म्हणत असता खासे उतरले. पहिले पाऊल घोट्यापर्यंत गेले. दुसरे गुडघ्यापर्यंत. मग साहेबांनी थोर पुरुषाचे स्वभावानुसार रागे भरून पाय आपटिला, आणि कंबरेपर्यंत गेले.

येथून युद्धास तोंड लागले. काठावरून तेवीस मुले ओरडू लागली: "हलू नको!" "पाय आपटू नको!" "निज, निज!" आणि साहेब तितक्याच जोराने हलू लागले, कारण भर दुपारी कोटासकट निजावयास सांगतात हे त्यांच्या समजुतीत बसेना. गुरुजी धावत आले आणि दुभाष्याचे काम पत्करून मोठ्याने म्हणाले की, "साहेब, विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐसे की, आपण प्रथमतः शरीराचा भार समप्रमाणात—" तो साहेब आणखी चार बोटे खाली गेले.

मनुबाईने जाळे टाकिले आणि गर्जली, "मास्तर, तू गप! तुजा शुद्द होईपरत त्यो बुडंल. पोरांना शिकवू दे!"

मग शालू सरदारीण पुढे जाहली. तिने दोन फळ्या मागविल्या आणि एकीवर आपण पालथी पडून, हातांनी चिखल मागे सारीत, सरपटत साहेबांपाशी पोहोचली, आणि दुसरी त्यांच्या पुढ्यात सारिली. आता पाहावे, ही दहा वर्षांची मुलगी शाळा कोठेही भरवू शकत होती. तिने फळीवर थाप मारिली आणि म्हणाली, "फली." आणि थांबली. ती पुन्हा म्हणाली, "फली. बोल."

साहेब कंबरेपर्यंत चिखलात उभे होते आणि त्यांच्या सेवेस अठरा वर्षे जाहली होती. ते म्हणाले, "फली."

"हां. आता पालथा हो फलीवं. मी करतंय तसा." तिने करून दाखविले. साहेब फळीवर पालथे जाहले. बॅग हातची सुटली आणि चिखलाने गिळिली. "आता पाय काढ. हल्लू. हल्लू म्हंजे असा." तिने आपला पाय गोगलगायीच्या चालीने हलविला. "बोल."

"हल्लू," साहेब म्हणाले, आणि उजवा पाय फसकन सुटला, जोडा आतच राहिला. काठावर ऐसा जयघोष जाहला की बगळे उडाले. मग साहेबांच्या अंगी विद्या संचारली. ते स्वतःच "हल्लू, हल्लू" म्हणू लागले, आणि डावा पाय सुटला, आणि शालू म्हणे "खेच", ते म्हणत "खेच". ती म्हणे "थांब, दम खा", ते म्हणत "दम खा". आणि काठावरची बावीस मुले तालावर टाळ्या पिटीत. आणि भिवाने होडीतून बिडी उंच करून सलामी दिली. आणि जेथे पाऊणशे वेळा शुद्ध भाषेत "मदत, मदत" म्हणोन काही साधले नव्हते, तेथे चारपाच शब्दांत अर्ध्या तासात साहेब काठास लागले. मनुबाईने हात देऊन वर घेतिले आणि म्हणाली, "हुशार हाय. लगेच शिकला."

मग साहेबांस तीन हंड्यांनी न्हाणिले. भिवाच्या घरची लुंगी नेसविली, खांद्यावर मनुबाईचे कांबळे, डोकीवर टोपी तीच, कारण ती एकटीच कोरडी राहिली होती. ऐसे साहेब शाळेच्या ओट्यावर बसले आणि अवघी खाडी त्यांच्यापुढे रिकामी पडली होती आणि सातापर्यंत कोठे जाणे नव्हते. मग त्यांनी शालूस जवळ बोलाविले, आणि या खेपेस दम खाऊन, हल्लू पुसिले, "बाळ, तुला इतके सारे येते. मग सकाळी त्या चित्राला मासा का म्हणाली नाहीस?"

शालूस नवल वाटले. "मासा त हायच की! त्यो कोनीबी सांगंल. आमाना वाटला, तू कोनचा मासा त्यो इचारतंस. तोंड बोयीचा हाय, शेपटी जितार्‍याची, न् कल्ला त कुठंच नाय. आमी अजून बगतोच हाव." आणि मागून बावीसांनी मान डोलाविली, कारण सकाळपासून, साहेब रुतत असताही, मागल्या रांगेत तो वाद चालूच होता. "खातरी नाय त नाव घ्याचा नाय, असा मास्तरनी शिकिवलाय."

गुरुजींनी तोंड भिंतीकडे फिरविले. भिंतीवर चिंबोरी होती, ती त्यांस धूसर दिसू लागली.

साहेब उठले आणि लुंगी सावरीत आत गेले आणि सकाळी फळ्यावरच विसरून राहिलेला मासा जवळून पाहिला, डोळा पाहिला, शेपटी पाहिली. कल्ला खरेच नव्हता. अठरा वर्षांत हा तक्ता त्यांनी शेकडो शाळांत टांगिला होता आणि शेकडो शाळांनी एका आवाजात "मासा" म्हटले होते आणि कोणी त्याकडे पाहिले नव्हते, त्यांनी स्वतःही नाही. मग ते खळखळून हसले. कांबळे खांद्यावरून खाली पडेतो हसले, आणि साहेब हसतात म्हणोन फौज हसली, आणि फौज हसते म्हणोन मनुबाई हसली, आणि गुरुजी हसता हसता डोळे पुसू लागले. मग साहेबांनी शेरेबुक मागविले, टाक बुडविला, सकाळच्या ओळींवर एक आडवी रेघ मारिली, खाली लिहिले, सही केली, आणि नखातील चिखलाचा ठसा सहीशेजारी उमटला तो शिक्क्याचे जागी कायम ठेविला.

सात वाजता पाणी आले आणि होडी उठली आणि साहेब गेले, जाताना काठावरून तेवीस कंठ ओरडले, "हल्लू जाव!" आणि अंधुकातून उत्तर आले, "हल्लू, हल्लू!"

येणेप्रमाणे चिखलपाड्याची शाळा अभंग राहिली, तक्त्यास कल्ला नाही याची तक्रार साहेबांनी खासे वरती धाडिली, आणि साहेबांचा उजवा जोडा अद्याप खाडीचे कबजात आहे. त्या सांजेस शेरेबुकात काय लिहिले हे गावास कळावे म्हणोन मनुबाईने ते ओट्यावर मागविले. आजवर त्या गावाविषयी जे जे लिहिले गेले, ते गावाने कधी वाचिले नव्हते. गुरुजी वाचावयास उठले, तो मनुबाईने त्यांस खाली बसविले आणि बुक लेकीचे हाती दिले. शालूने पान फिरविले, अक्षर नीट पाहिले, खात्री करून घेतली, आणि मग खणखणीत वाचिले:

"मुलांस बोलता येते. दिपोटीस ऐकता येत नव्हते. शाळा चालू ठेवावी."